गाविलगडाची प्रदक्षिणा आणि १८०३ची लढाई | थ्रेड

भातकुलीच्या काळ्या शिवारातून उत्तरेकडे निघाले की अचलपूर-परतवाड्यापर्यंत जमीन जवळजवळ सपाट आहे. हा वऱ्हाडचा पयनघाट. त्यापुढे एकदम सातपुड्याची भिंत उभी राहते आणि मेळघाट सुरू होतो. चिखलदऱ्याशेजारचा गाविलगड नेमका या भिंतीच्या कडेवर बसला आहे.

गड पाहणारे बहुधा दरवाजा, तोफ आणि मशीद एवढेच पाहून परततात. परंतु गड समजायचा असेल तर तो तटाच्या कडेकडेने फिरावा. साग आणि बांबूच्या रानातून जाणारी ही वाट कधी दरीच्या काठावर येते, तर कधी देवतलाव आणि मछली तलावाच्या पाण्यावर उतरते. डोंगरमाथ्यावरच्या किल्ल्याचे आयुष्य त्याच्या पाण्याएवढेच असते. गडावरची तळी ही शोभा नव्हे, शिबंदीचा प्राण होती.

फिरिश्ताच्या मते अहमदशाह बहमनीने १४२५च्या सुमारास हा किल्ला बांधविला. गवळ्यांवरून पडलेले नाव मात्र त्याहून जुन्या वस्तीची आठवण देते. पुढे इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क याने १४८८मध्ये तट-दरवाजे भक्कम केले. हे सर्व ओझरते. खरी गोष्ट १८०३ची आहे.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या (आजचा अकोला जिल्हा) मैदानावर नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव झाला. हटलेल्या फौजेतील पुष्कळ लोक गाविलगडात शिरले. किल्लेदार होता बेनीसिंग. मागोमाग आर्थर वेलस्ली आला. हाच पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

आता प्रदक्षिणा दक्षिणेकडून सुरू करू. येथे आतला किल्ला थेट मैदानाकडे तोंड करून उभा आहे आणि खाली तुटलेला कडा. दक्षिण दरवाजाची चढण इतकी उभी, की जड तोफा वर नेणे वेलस्लीला जमले नाही. या बाजूने त्याने केवळ हूल दिली.

उत्तरेकडे मात्र चित्र पालटते. बाकी सर्व बाजूंना दऱ्या असताना येथे लबाडा गावाकडून डोंगराची एक सोंड थेट तटाला येऊन भिडते. म्हणून बाहेरचा किल्ला आणि त्यापुढे आणखी एक तट, असे दुहेरी संरक्षण याच दिशेला केलेले दिसते. बांधणाऱ्यांना आपली दुखरी नस पक्की ठाऊक होती. दुर्दैवाने ती शत्रूलाही कळली. कर्नल स्टिव्हन्सनच्या तुकडीने ७ ते १२ डिसेंबर या काळात डोंगरात स्वतः रस्ता फोडत तोफा हातांनी ओढून या सोंडेवर आणल्या. १३ तारखेला मारा सुरू झाला आणि १४च्या रात्रीपर्यंत भिंतीला खिंडारे पडली.

१५ डिसेंबरला सकाळी हल्ला झाला. लेफ्टनंट कर्नल केनीची माणसे खिंडारातून आत घुसली आणि तेथेच थबकली. कारण समोर खोल घळ, आणि घळीपलीकडे आतल्या किल्ल्याचा अभंग तट! बाहेरचा किल्ला पडला म्हणजे गड पडला, असे मुळीच नव्हते. ही घळ आजही पाहावी. गडावरील सर्वांत बोलकी जागा तीच.

वाट सापडेपर्यंत बराच वेळ गेला. अखेर ९४व्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्पबेलला तटावर शिड्या लावण्याजोगी जागा मिळाली. त्याच्या माणसांनी वर चढून आतून दरवाजा उघडला. वायव्य दरवाजातून बाहेर पडू पाहणाऱ्यांची गाठ चाल्मर्सच्या ७८व्या पलटणीशी पडली. निसटण्याची वाटच शत्रूची आत येण्याची वाट ठरली. बेनीसिंग लढता लढता पडला. केनीही जखमांनी दगावला.

एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ९४वी पलटण ‘स्कॉच ब्रिगेड’ म्हणून ओळखली जाई. ७४वी आणि ७८वी हायलँडर. डोंगर, रान आणि लॉख म्हणजे सरोवरे यांच्या प्रदेशातून आलेली ही माणसे वऱ्हाडच्या डोंगरात, तळ्याकाठी लढत होती. उंच कड्यांचे भय त्यांना इतरांपेक्षा कमी वाटले असेल काय, हा प्रश्न मोहक खरा. पण गड जिंकला तो उत्तरेच्या सोंडेने आणि चार शिड्या टेकतील एवढ्या जागेने.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. रघूजी भोसल्यांनी कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गमावला. गंमत अशी की नरनाळा आणि गाविलगड मात्र त्यांच्याकडेच राहिले. गड परत आला, वऱ्हाड गेले. १८२२मध्ये गडही निजामाकडे गेला.

पुढच्याच वर्षी, १८२३मध्ये, हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदरा ‘शोधला’ असे पुस्तके सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या या डोंगरात राहणाऱ्या कोरकूंना तो हरवलेला नव्हता. पठारावर पुढे बंगले आले, कॉफी आली आणि दरीकाठच्या जागांना इंग्रजी ‘पॉइंट’ची नावे पडली. १९७३मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. गडाच्या तटांत आता झाडांची मुळे उतरली आहेत.