भिंतीच्या भेगेतली माशी

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पावसाळा लागला की डासांची चर्चा सुरू होते. मलेरिया तर आम्हाला घरचाच वाटतो. पण इथला एक जीवघेणा आजार डासातून येत नाही. तो येतो वाळूमाशीतून. दोन-तीन मिलिमीटरची ही केसाळ माशी नेहमीच्या मच्छरदाणीच्या भोकातूनही आत शिरते. आणि आजाराला नाव मिळालंय आपल्या नागपूरकडच्या एका वस्तीचं : चांदीपुरा.

१९६५ साली नागपुरात डेंग्यू-चिकुनगुनियाच्या तापाची साथ होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या एनआयव्हीत, पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज रुग्णांचे नमुने तपासत होते. दोन रुग्णांच्या रक्तात वेगळाच विषाणू सापडला. १९६७ मध्ये त्यांनी तो जगापुढे मांडला. तेव्हा हा साधा तापाचा विषाणू वाटला.

पण कीटकशास्त्रज्ञाचा प्रश्न वेगळा असतो : हा माणसात आला कुठून? तो प्रश्न घेऊन कामाला लागलेल्यांत व्ही. ढांडा होते. याच संस्थेत त्यांनी गोचिडांवरही काम केलं होतं. वाळूमाशी शोधायची तर तळी-डबकी बघून उपयोग नाही, कारण ती पाण्यात अंडी घालत नाही. तिला लागते ओलसर माती, शेण, कुजका पालापाचोळा. दिवसा ती गोठ्यात आणि भिंतींच्या भेगांत दडून बसते. म्हणजे हातात टॉर्च घ्यायचा, काचेच्या नळीने एकेक माशी ओढून घ्यायची, भिंगाखाली जात ओळखायची आणि मग त्यात विषाणू आहे का ते तपासायचं. १९७० मध्ये ढांडा, रॉड्रिग्ज आणि घोष यांनी औरंगाबादच्या वाळूमाश्यांतून चांदीपुरा विषाणू वेगळा केल्याचं प्रसिद्ध केलं. वाहक कोण असावा, याचं बोट तिथे दाखवलं गेलं.

पुढची तीसेक वर्षं त्या माहितीची फारशी कुणाला गरज पडली नाही. ढांडा पुढे पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरचे संचालक झाले.

मग २००३ चा पावसाळा आला. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात मुलांना मेंदूज्वर झाला. ३२९ मुलं आजारी, त्यातली १८३ गेली. साथीच्या जिल्ह्यांत करीमनगर होता. नकाशा उघडून बघा : आमच्या सिरोंच्यासमोर गोदावरी ओलांडली की तेव्हा करीमनगरच लागायचा. एनआयव्हीच्या तपासणीत चांदीपुरा निघाला. शोधपथकाला माशी कुठे शोधायची हे आधीच ठाऊक होतं. २००५ मध्ये करीमनगरच्याच वाळूमाश्यांत हा विषाणू सापडल्याचं एनआयव्हीच्या कीटकशास्त्रज्ञांनी नोंदवलं. २००७ मध्ये साथ आमच्या नागपूर विभागात आली. जून ते सप्टेंबरमध्ये मेंदूज्वराचे ७८ रुग्ण नोंदले गेले, बहुतेक लहान मुलं.

या आजारात सकाळी ताप आलेलं मूल झटके येऊन दुसऱ्या दिवशी बेशुद्ध होऊ शकतं. लस नाही, विषाणूवर नेमकं औषध नाही. दुर्गम गावातून मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत वेळ हातातून गेलेली असते. म्हणून इथे माशीची माहिती हाच मोठा इलाज ठरतो. कुडाच्या भिंतींच्या भेगा लिंपा, उकिरडा घरापासून दूर न्या, गोठा कोरडा ठेवा, भिंतींवर फवारणी होऊ द्या, लेकरांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत झोपवा. आरोग्यसेविका सांगते त्या या साध्या गोष्टींमागे कुणीतरी गोठ्यात टॉर्च घेऊन बसल्याचे तास आहेत.

मलेरियाच्या डासाबद्दल १९०२ चं नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस मला शाळेत भेटले. ढांडांचं नाव मात्र मी तिथे कधी ऐकलं नाही. चांदीपुऱ्याचा रुग्ण नसतो, त्या वर्षीही कुणीतरी वाळूमाश्या पकडून तपासत राहायला हवं. २००३ मध्ये ते काम आधीच झालेलं होतं, म्हणून शोध शून्यापासून सुरू करावा लागला नाही.