पाऊण इंच ते सव्वादोन इंच

२९ ऑगस्ट १९०७. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास न्यूयॉर्कहून एक तार निघाली. मजकूर एका ओळीचा: सगळ्या गोष्टींचा नीट विचार होईपर्यंत पुलावर आणखी वजन चढवू नका. पूल होता कॅनडात, क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर. तार मात्र गेली अमेरिकेतल्या फिनिक्सव्हिल गावी, पूल बांधणाऱ्या फिनिक्स ब्रिज कंपनीच्या कचेरीत. तिथून ती पुढे साइटवर गेलीच नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, काम सुटायला थोडाच वेळ राहिला असताना, पुलाचा दक्षिणेकडचा अख्खा भाग पंधराएक सेकंदांत नदीत गेला. साधारण १९,००० टन लोखंड. पुलावर ८६ माणसं होती, त्यातली ७५ गेली. मेलेल्यांमध्ये ३३ जण मोहॉक आदिवासी होते, कानावागे या एकाच गावचे.

ही गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते ती बहुतेक वेळा 'तार उशिरा पोचली' म्हणून. मला ते अर्धवट वाटतं. तारेच्या आधी खूप काही घडलं होतं, आणि ते कळायचं तर खांब कसा मोडतो हे आधी बघावं लागेल.

२० मिमी जाडीची, तीन मीटर लांबीची साध्या पोलादाची सळई घ्या. ती ओढून बघा: साधारण आठ टनांपर्यंत दाद देत नाही. आता तीच सळई उभी करून, दोन्ही टोकं नुसती टेकवून, वरून दाबा. पावणेदोनशे किलोला ती बाजूला फुगते आणि खेळ संपतो. आठ टन कुठे आणि पावणेदोनशे किलो कुठे! बरं, पोलाद भारीतलं घेतलं, दुप्पट ताकदीचं? ओढायला सोळा टन लागतील, पण उभी दाबली तर आकडा तोच, पावणेदोनशे किलो. इथे पोलादाच्या ताकदीला कोणी विचारत नाही. विचारतात ते तीनच गोष्टींना: पोलाद किती ताठ, छेदाचा आकार कसा, आणि लांबी किती. लांबी निम्मी केलीत तर तीच सळई चौपट, म्हणजे सातशे किलो पेलते. हे गणित ऑयलरने १७४४ मध्ये मांडलं. यालाच बकलिंग म्हणतात.

म्हणजे सूत्र क्वेबेकच्या वेळी दीडशे वर्षांहून जुनं होतं. मग अडलं कुठे?

अडलं असं, की ऑयलरचा खांब अखंड आणि सडपातळ असतो. पुलाचा तळचा दाब घेणारा भाग (त्याला कॉर्ड म्हणतात) तसा नव्हता. पोलादी पत्रे जोडून केलेल्या साडेचार फूट उंचीच्या चार भिंती शेजारीशेजारी उभ्या, आणि त्यांना एकत्र धरायला तिरप्या पट्ट्या, ज्याला आपले फॅब्रिकेशनवाले आजही लेसिंग म्हणतात. लाकडांची मोळी डोळ्यासमोर आणा. करकचून बांधली तर ती एकच जाड ओंडका. दोरी ढिली असेल तर सुटी लाकडं, प्रत्येक आपापली वाकणारी. मोळीची सगळी ताकद दोरीत, आणि नेमका दोरीचाच हिशोब त्या काळात बहुतेक जण अंदाजाने करायचे. जर्मनीत एंगेसर यांनी १८९१ मध्ये याचं गणित मांडलं होतं, पण अमेरिकेतल्या पूलवाल्यांच्या रोजच्या कामात ते उतरलं नव्हतं. खांब सरळ आहे तोवर पट्ट्यांना काही काम नसतं, त्यामुळे त्या बारीक ठेवल्या तरी कागदावर कुठे चूक दिसत नाही. खांबाला जरा बाक आला की आडवा जोर थेट त्यांच्यावर येतो.

त्यात एक मोठी घोडचूक होती. पुलाचा मधला गाळा आधी १,६०० फुटांचा ठरला होता, तो १,८०० केला. पुलाचं स्वतःचं वजन मात्र पुन्हा नीट मोजलं नाही. १९०६ मध्ये कारखान्यातून लोखंडाची खरी वजनं आली तेव्हा हे उघडं पडलं. तोवर बरंच काम झालं होतं. सल्लागार थिओडोर कूपर यांनी हिशोब केला, ताण सातएक टक्क्यांनी वाढतोय असं काढलं आणि चालेल म्हणाले. मुळात त्यांनी धरलेली मर्यादाच तेव्हाच्या रिवाजापेक्षा चढी होती. दुसरा पर्याय म्हणजे सगळं नव्याने करणं.

कूपर त्या काळचं मोठं नाव. वय ६८, तब्येत बरी नाही. पोलादी सांगाडा उभा राहू लागल्यावर ते एकदाही साइटवर गेले नव्हते. सरकारने स्वतःचा इंजिनियर नेमून आराखडे तपासावेत असं निघालं, तेव्हा ते कूपर यांनीच हाणून पाडलं. आपल्यावर कोणी तपासनीस नको! एवढा दरारा होता त्यांचा, की त्यांनी हो म्हटलेल्या गोष्टीला पुन्हा कोणी हात लावत नसे.

आणि पूल तर सांगत होता. ऑगस्टच्या सुरुवातीपासून कॉर्डचे सांधे सरळ जुळेनात. पत्रापत्री सुरू झाली. कोणी म्हणे बाक कारखान्यातूनच आलाय, कोणी म्हणे चढवताना धक्का लागला असेल. २७ ऑगस्टला साइटवरचा तरुण इंजिनियर नॉर्मन मॅक्लूर याने ए-९-एल नावाचा ५७ फुटी तुकडा मोजला. थोड्याच दिवसांपूर्वी त्यात पाऊण इंच बाक होता, तो आता सव्वादोन इंच झाला होता. कारखान्यातून आलेला बाक असा वाढत नाही. हे कळायला सूत्र लागत नाही, दोनदा मापं घेणारा माणूस लागतो, आणि तो तिथे होता. नव्हता तो काम थांबवण्याचा अधिकार असलेला माणूस. मुकादमाने काम थांबवलं आणि पुन्हा सुरू केलं. मॅक्लूर आगगाडीने न्यूयॉर्कला कूपरना विचारायला गेला. तारेची कथा इथून सुरू होते.

नंतर कॅनडा सरकारने तिघांचा चौकशी आयोग नेमला. कॉर्डची एक-तृतीयांश मापाची प्रतिकृती करून ती यंत्रात दाबली गेली, आणि ती मोडली ती लेसिंगचे रिव्हेट तुटून. मोळीची दोरी! हा प्रयोग माणसं मरायच्या आधी करता आला असता. आयोगाने कूपर आणि कंपनीचे डिझाइनर पीटर श्लापका यांच्या निर्णयातल्या चुकांवर बोट ठेवलं. शिवाय अशा अवाढव्य पोलादी कॉलमबद्दल अख्ख्या व्यवसायालाच पुरेसं ज्ञान नाही, हेही लिहिलं. अहवालातला हा भाग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. दुसऱ्यांदा पूल बांधला तेव्हा दाबाच्या भागांचा छेद दुपटीहून मोठा घेतला. (१९१६ मध्ये त्याचा मधला भाग उचलताना पडला, १३ जण गेले, पण ते कारण वेगळं.) १९१७ ला पूर्ण झालेला तो पूल आजही जगातला सर्वांत लांब गाळ्याचा कॅन्टिलिव्हर पूल आहे.

जाता जाता: कॅनडाचे इंजिनियर करंगळीत जी लोखंडी अंगठी घालतात ती या पडलेल्या पुलाच्या लोखंडाची, असा फॉरवर्ड दर वर्षी येतो. ते खरं नाही. ती प्रथा १९२५ ची. तिचा विधी लिहून दिला मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने, एवढा आपला संबंध.

खरा संबंध दुसरीकडे आहे. आपल्या आयएस ८०० मध्ये नियम आहे की लेसिंगचं डिझाइन करताना कॉलमवरच्या भाराच्या अडीच टक्के आडवा जोर धरायचाच, कॉलम कितीही सरळ दिसो. शंभर टन वर असेल तर पट्ट्यांसाठी अडीच टन. २००७ च्या आवृत्तीत तर कॉलम मुळातच थोडा वाकडा आहे असं गृहीत धरून त्याची ताकद काढतात.

जुन्या रेल्वे स्टेशनांच्या छपरांचे, पादचारी पुलांचे असे लेसिंगवाले खांब आजही उभे आहेत. पुढच्या वेळी बघा: खांबाला वरून चकचकीत रंग असतो, आणि प्लॅटफॉर्मलगतच्या त्या तिरप्या पट्ट्या, जिथे फरशी धुतलेलं पाणी साचतं, तिथे रंगाखाली किती लोखंड उरलंय ते. तुमच्या स्टेशनावर काय दिसलं ते खाली लिहा, स्टेशनाच्या आणि प्लॅटफॉर्मच्या नंबरासकट.