तांबूस सुतार

तांबूस सुतार : सुतारपक्ष्यांच्या पिसिडी कुलातील मध्यम आकाराचा वनपक्षी. शास्त्रीय नाव मायक्रोप्टर्नस ब्रॅकियुरस. हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिण चीन आणि आग्नेय आशियापर्यंत, तसेच सह्याद्रीत व श्रीलंकेत आढळतो. सह्याद्री आणि श्रीलंका येथील उपजातीला पक्षिअभ्यासक थॉमस जेर्डन यांच्यावरून जेर्डोनी हे नाव मिळाले आहे. फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञ व्हिएय्यो यांनी 1818 मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. दिसण्यातील साम्यामुळे तिला बराच काळ अमेरिका खंडातील सीलियस प्रजातीत गणले जाई. रेणवीय अभ्यासातून तिचे खरे नातलग आग्नेय आशियातील असल्याचे दिसून आले आणि तिला पुन्हा स्वतंत्र प्रजाती मिळाली.

लांबी सु. 25 सेंमी., म्हणजे साळुंकीपेक्षा किंचित जास्त. अंगाचा रंग तांबूस तपकिरी. पंख व शेपटीवर काळ्या आडव्या रेघा. डोक्यावरची तुऱ्याची पिसे ढिली असल्याने तुरा क्वचितच उठून दिसतो. नराच्या डोळ्याखाली लाल डाग असतो, मादीला तो नसतो. चोच काळी, आखूड व किंचित वाकलेली. सोनपाठी सुताराची दणकट पाचर डोळ्यांसमोर असेल, तर ही चोच फारच साधी वाटते. पण या पक्ष्याचे जगणे लाकडापेक्षा मुंग्यांवर अधिक उभे आहे, आणि त्या कामाला ती पुरते.

मुंग्या हे त्याचे मुख्य अन्न, त्यांतही क्रेमॅटोगॅस्टर प्रजातीच्या. धोका जाणवला की या मुंग्या पोटाचे बदामी आकाराचे टोक पाठीवरून पुढे वळवून उभे करतात आणि त्यातून विषारी स्राव सोडतात. वनस्पतींचे तंतू चावून, त्यांचा लगदा करून त्या फांद्यांवर काळपट तपकिरी घरटी बांधतात. फुटबॉलएवढे किंवा त्याहून मोठे असे हे घरटे पापुद्र्यांवर पापुद्रे चढवून रचलेले असते. तांबूस सुतार या घरट्यांवर चढून मुंग्या, त्यांची अंडी व अळ्या जिभेने टिपतो. झाडाच्या सालीवरच्या, पडलेल्या ओंडक्यांवरच्या मुंग्याही खातो. जोडीला वड-उंबरांची फळे, सावर व पांगाऱ्याच्या फुलांतील मध आणि केळीच्या देठातून पाझरणारा रस असतो. मुंग्यांशी सततच्या झटापटीत त्याच्या डोक्याची व शेपटीची पिसे चिकट होतात. पिसांना घट्ट चावलेल्या मुंग्यांची धडावेगळी डोकी शेपटीला तशीच लटकून राहिलेलीही पाहायला मिळतात.

या जातीचे खरे वेगळेपण विणीत आहे. इतर सुतार बहुधा वाळक्या खोडात ढोली कोरतात. हा मुंग्यांच्या वापरत्या घरट्यातच बाजूने गोल भोक पाडून आत पोकळी करतो. ज्यांना तो खातो त्यांच्याच घरात तो पिल्ले वाढवतो. घरट्यावर हात पडला तर या मुंग्या माणसाला सोडत नाहीत, आणि तरीही अंडी व उघडी पिल्ले त्यांच्यात सुखरूप वाढतात, हे पाखरांच्या जगातले मोठे नवल आहे. सह्याद्रीत वीण पावसाळ्यापूर्वी, साधारण फेब्रुवारी ते जून या काळात होते. अंडी बहुधा दोन, पांढरी, पातळ व अर्धपारदर्शक कवचाची. उबवण्याचा काळ 12 ते 14 दिवस. पिल्लांना नर-मादी दोघेही भरवतात.

आवाज साळुंकीची आठवण देणारा, नाकातून काढल्यासारखा, तीन-चार स्वरांचा. खोडावर तो जो ताल धरतो तो अधिक ओळखीचा : सुरुवातीला भरभर पडणारे ठोके अंतर वाढवत जातात आणि बंद पडत चाललेल्या मोटारसायकलसारखे थांबतात. हा ताल एकदा कानांत बसला की दाट पानोऱ्यातही पक्षी चुकत नाही.

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील सिद्धगड हा अशा पक्ष्याला मानवणाऱ्या जंगलाचा नमुना आहे. पुणे, ठाणे व रायगड जिल्ह्यांत पसरलेले भीमाशंकर अभयारण्य 1985 मध्ये घोषित झाले; त्याचे क्षेत्र सु. 130 चौ. किमी. असून सिद्धगडाचे रान त्यात येते. पायथ्याला ऐन, सावर, पांगारा अशी पानगळीची झाडे. वर चढत गेले की जांभूळ, अंजन यांची सदाहरित दाटी.

जागतिक पातळीवर ही जाती संकटग्रस्त मानली जात नाही. मात्र ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात तिच्यासाठी अवघड असलेला काळ नेमका विणीचाच आहे. भातरोपांच्या वाफ्यावर जाळायच्या राबासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या उन्हाळ्याच्या तोंडावर छाटल्या जातात आणि वणवेही त्याच महिन्यांत लागतात. राब ही येथील शेतकऱ्याची जुनी गरज आहे, तिला दोष देऊन भागणार नाही. पण मुंग्यांचे घरटे असलेली फांदी छाटली गेली, तर पक्ष्याचे अन्न व घर दोन्ही एकदम जातात. सुतारांच्या रक्षणासाठी वाळकी झाडे राखावीत असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. या सुतारासाठी मुंग्यांची घरटी असलेली जिवंत झाडे राखावी लागतात. रानात घरटे दिसले की त्याच्या बाजूला गोल भोक आहे का ते दुरूनच पाहावे. भोक असेल तर पावसाळा लागेपर्यंत त्या झाडाला कोयता लावू नये.