ग्वांगजूचे वाघ : एका बेसबॉल संघाचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी दूरदेशीच्या एका बेसबॉल संघाचा विषय निवडलेला पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. परंतु राजसत्तेने आपल्या हेतूने उभी केलेली संस्था लोक कशी आपलीशी करतात, हा इतिहासाचा जुनाच प्रश्न आहे. दक्षिण कोरियातील ग्वांगजू शहराच्या ‘हैताई टायगर्स’ या संघाच्या वाटचालीत त्याचे एक उत्तर सापडते.

कोरियात बेसबॉल विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकन मिशनऱ्यांनी आणला आणि तो रुजला तो शाळांच्या मैदानांवर. नैर्ऋत्येकडील जोल्ला हा भाताचा प्रांत. जपानी अमलात गुन्सान आणि मोकपो या त्याच्या बंदरांतून तांदूळ जपानला जाई. ग्वांगजूतील विद्यार्थ्यांनी १९२९ च्या नोव्हेंबरात जपानी सत्तेविरुद्ध उठाव केला. त्यात अग्रभागी असलेल्या विद्यालयाची परंपरा सांगणारी ‘ग्वांगजू प्रथम’ ही माध्यमिक शाळा पुढे बेसबॉलसाठीही नावाजली. १९७२ साली गुन्सानच्या वाणिज्य विद्यालयाने राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या डावात पिछाडी भरून काढून बुसानच्या संघाला हरविले, तेव्हा साऱ्या प्रांताने तो विजय आपला मानला. कारण १९६० नंतरच्या औद्योगिकीकरणात कारखाने आणि रस्ते प्रामुख्याने आग्नेयेकडील ग्योंगसांग प्रांताच्या वाट्याला आले होते. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही हे त्याच प्रांताचे. जोल्लातील तरुण मात्र पोटासाठी सोलची वाट धरीत होते.

या पार्श्वभूमीवर १९८० चा मे महिना उजाडला. जनरल चुन डू-ह्वान यांनी लष्करी कायदा देशभर लागू केला, जोल्लाचे नेते किम दे-जुंग यांना अटक झाली, आणि १८ मे रोजी ग्वांगजूत विद्यार्थ्यांवर छत्रीधारी सैनिक सोडण्यात आले. २० मेच्या सायंकाळी शहरातील टॅक्सी व बसचालक मुदुंग क्रीडांगणापाशी जमले आणि दिवे लावून वाहनांची रांग घेऊन प्रांतिक कचेरीकडे निघाले. २७ मेच्या पहाटे सैन्याने शहर पुन्हा ताब्यात घेतले. अधिकृत गणनेनुसारही दीडशेहून अधिक नागरिक प्राणास मुकले. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. उघडपणे शोक करण्याचीही सोय उरली नव्हती.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत, त्याच चुन यांच्या राजवटीच्या पुढाकाराने व्यावसायिक बेसबॉल सुरू झाला. २७ मार्च १९८२ रोजी सोलमध्ये पहिला चेंडू खुद्द चुन यांनी फेकला. लोकांचे लक्ष राजकारणावरून उडावे हा हेतू त्यामागे होता, असे तेव्हाही बोलले जाई. सहा उद्योगसमूहांना सहा प्रदेश वाटून देण्यात आले, आणि त्या त्या प्रदेशातील शाळांतून तयार झालेल्या खेळाडूंवर तेथील संघाचा पहिला हक्क राहील असा नियम झाला. पुढचे सारे या नियमामुळे घडले. संघ कंपनीच्या मालकीचा असला, तरी खेळाडू गावचेच असत.

जोल्लाचा संघ हैताई या मिठाई व बिस्किटे बनविणाऱ्या कंपनीकडे आला. सॅमसंग आणि लोत्ते यांच्यापुढे तिचे बळ तोकडे होते. आरंभी खेळाडू इतके थोडे की किम सोंग-हान यांनी १९८२ च्या हंगामात फलंदाजी तर केलीच, शिवाय गोलंदाज म्हणून दहा सामनेही जिंकून दिले. १९८३ मध्ये किम उंग-योंग व्यवस्थापक झाले. ते मूळचे उत्तरेकडील निर्वासित, वाढले ग्योंगसांगमधील बुसान शहरात. जोल्लाशी त्यांचे कसलेही नाते नव्हते, ही गोष्ट प्रांताभिमानाची गाणी गाणाऱ्यांनी विसरू नये. त्यांच्या हाताखाली संघाने १९८३, १९८६ ते १९८९ अशी सलग चार वर्षे, आणि पुढे १९९१, १९९३, १९९६ व १९९७ अशी एकूण नऊ अजिंक्यपदे मिळविली. ‘ग्वांगजू प्रथम’चे माजी विद्यार्थी सन दोंग-योल यांनी कोरियातील कारकिर्दीत दर नऊ डावांमागे सरासरी अवघ्या १.२० धावा दिल्या. त्याच शाळेच्या ली जोंग-बम यांनी १९९४ च्या एका हंगामात ८४ वेळा तळ चोरला.

मुदुंगच्या त्याच मैदानावर प्रेक्षक ‘मोकपोचे अश्रू’ हे जपानी अमलातील जुने गीत गात, आणि किम दे-जुंग यांच्या नावाचा घोष करीत. अन्यत्र जो घोष केल्यास पोलीस धावून येत, तो हजारोंच्या गर्दीत निर्धास्तपणे करता येई. अनेक वर्षे १८ मे रोजी ग्वांगजूत सामना ठेवला जात नसे. त्या गर्दीची सत्तेला वाटणारी धास्ती यावरून कळते. मात्र या प्रांतनिष्ठेची दुसरी बाजूही होती. १९८६ च्या अंतिम मालिकेत दैगू शहरात चिडलेल्या प्रेक्षकांनी हैताईची बस पेटवून दिली. दोन प्रांतांतील तेढ मैदानाने शमविली नाही, उलट काही काळ भडकविली.

ग्वांगजूच्या वेदनेनेच हे विजय घडविले, असे पुष्कळदा भावनेच्या भरात म्हटले जाते. ते मला मान्य नाही. दुःखाने कोणाचा हात तयार होत नाही; तो शाळेच्या मैदानावर वर्षानुवर्षे घाम गाळूनच तयार होतो. तसेच न्यायही मैदानावर मिळाला नाही. त्यासाठी जून १९८७ चे लोकआंदोलन, १९९५ चा विशेष कायदा आणि चुन यांच्यावरील खटला व शिक्षा यांची गरज लागली. मैदानाने लोकांना दिली ती एकत्र जमण्याची जागा, आणि मान ताठ ठेवण्याचे एक निमित्त. तेवढेही थोडे नव्हते.

१९९७ हे वर्ष विलक्षण ठरले. १८ मे हा राष्ट्रीय स्मृतिदिन झाला. ऑक्टोबरात संघाने नववे अजिंक्यपद मिळविले. नोव्हेंबरात आर्थिक संकटाच्या लाटेत हैताई समूह कोसळला. आणि डिसेंबरात किम दे-जुंग राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. त्यानंतर चांगले खेळाडू एकेक करून दुरावले. २००१ साली संघ किया मोटार कंपनीने घेतला, आणि किम उंग-योंग दैगूच्या सॅमसंग संघाकडे गेले; ज्या शहरात त्यांची बस जळाली होती, त्याच शहराला त्यांनी २००२ चे अजिंक्यपद मिळवून दिले. ‘किया टायगर्स’ने २००९, २०१७ व २०२४ मध्ये आणखी तीन अजिंक्यपदे जिंकली. २०२४ पर्यंत बारा वेळा अंतिम मालिका गाठून बाराही वेळा हा संघ विजयी झाला होता.

हैताईचे नाव गेले, गणवेशावरील कंपनीची खूण बदलली, २०१४ मध्ये जुन्या मैदानाशेजारी नवे क्रीडांगणही उभे राहिले. तरी ग्वांगजूच्या लोकांनी आपला संघ बदलला, असे मानले नाही. संघ स्थापन करणाऱ्यांचे हेतू सरकारी कागदपत्रांत सापडतील. परंतु तो संघ कोणाचा होता, हे जाणून घ्यायचे असेल, तर अभ्यासकाने त्या प्रांतातील शाळांचे पट आणि प्रेक्षकांच्या आठवणीच तपासल्या पाहिजेत.