कैदखान्यातून कोशाकडे: स्पॅनिश–इंग्रजी अनुवादाचा आरंभकाळ

16व्या शतकातील इंग्लंडमध्ये लॅटिन ही विद्वत्तेची, फ्रेंच ही दरबाराची आणि इटालियन ही काव्याची व शिष्टाचाराची भाषा मानली जाई. स्पॅनिश मात्र बहुतेकांनी गरजेपोटी शिकली, आणि ती गरज समुद्र, व्यापार व युद्ध या तीन वाटांनी त्यांच्यापर्यंत आली. यामुळेच स्पॅनिशमधून इंग्रजीत अनुवाद करणाऱ्यांच्या पहिल्या पिढीत पंडित थोडे आणि व्यापारी, नौकानयनाशी संबंध असलेली माणसे व सरकारी कारकून अधिक आढळतात. एखाद्या स्पॅनिश शब्दाचा इंग्रजी अर्थ काय ठरला, हे त्या काळात पुष्कळदा तो शब्द अनुवादकाला कोठे भेटला यावर अवलंबून राहिले, आणि या परंपरेचा इतिहास समजून घेताना हे सूत्र धरून चालणे उपयोगी पडते.

स्पेनने अमेरिका खंडाकडे जाणाऱ्या सागरी मार्गांचे ज्ञान सेव्हिल येथील ‘कासा दे कोंत्रातासिओन’ या संस्थेत, म्हणजे वसाहतींशी होणारा व्यापार आणि जहाजांचे मार्गदर्शक यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कचेरीत, एकवटले होते. स्टीफन बरो या इंग्रज नाविकाने 1558 मध्ये या संस्थेला भेट दिली, आणि मार्तीन कोर्तेस याचा 1551 मध्ये छापलेला नौकानयनावरील ग्रंथ इंग्रज खलाशांना हवाच अशी त्याची खात्री झाली. रशियाशी व्यापार करणाऱ्या मस्कोव्ही कंपनीच्या प्रोत्साहनाने रिचर्ड ईडन याने तो ग्रंथ 1561 मध्ये इंग्रजीत आणला. राजकीय दृष्ट्या स्पेनशी स्पर्धा करू पाहणाऱ्या देशाने समुद्रविद्येचे पहिले धडे स्पेनच्याच पुस्तकातून गिरवले, ही गोष्ट इंग्रजी आरमाराच्या इतिहासात सहसा अधोरेखित केली जात नाही; ती केली जायला हवी.

जॉन फ्रॅम्प्टन याची हकिकत याहून वेदनादायक आहे. ब्रिस्टलचा हा व्यापारी स्पेनमध्ये माल घेऊन गेला असता सेव्हिलच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे कॅथलिक धर्ममताविरुद्ध वागणाऱ्यांचा शोध घेऊन त्यांना शिक्षा करणाऱ्या धर्मन्यायपीठाच्या, हाती सापडला. (पोर्तुगीजांनी 1560 मध्ये याच नावाचे पीठ गोव्यात स्थापन केल्यामुळे मराठी वाचकाला ही संस्था अपरिचित नाही.) फ्रॅम्प्टनने तेथे छळ सोसला, मालमत्ता गमावली आणि काही वर्षांनी तो मायदेशी परतला, परंतु स्पेनमधून त्याने एक गोष्ट बरोबर आणली, ती म्हणजे स्पॅनिश भाषा. सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस याने स्वतः कधीही अमेरिकेला न जाता, बंदरात उतरणाऱ्या वनस्पती तपासून आणि खलाशांना विचारून नव्या जगातील औषधींवर जो ग्रंथ लिहिला होता, त्याचा फ्रॅम्प्टनने केलेला इंग्रजी अनुवाद 1577 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. ज्या देशाने आपल्याला नागवले त्याच देशाचे ज्ञान या माणसाने आपल्या भाषकांपुढे आनंदवार्ता म्हणून मांडले, हे ग्रंथाच्या इंग्रजी शीर्षकावरूनच दिसते.

या अनुवादासारख्या पुस्तकांपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो वस्तूच नवी असताना तिला शब्द कोठून आणायचा, हा होता. इंग्रजीत प्रतिशब्द नव्हता, आणि स्पॅनिश शब्दही अनेकदा कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांकडून घेतलेला असे. तंबाखूसाठीचा ‘ताबाको’ हा शब्द असाच आहे, आणि ‘बटाटा’ या शब्दाचा प्रवास तर मराठी वाचकाने मुद्दाम पाहावा असा आहे. कॅरिबियनमधील ताइनो लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. स्पॅनिशांनी तो शब्द उचलला, इंग्रजीत तो ‘पोटॅटो’ झाला आणि आरंभी रताळ्यालाच लागू होता. पुढे अँडीज पर्वतातील ‘पापा’ नावाचे वेगळे कंद त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. इबेरियन द्वीपकल्पातीलच दुसऱ्या भाषेने, पोर्तुगीजने, हाच शब्द पश्चिम किनाऱ्यावर आणला आणि मराठीने तो ‘बटाटा’ याच रूपात ठेवला, त्यामुळे मूळ ध्वनी जपण्यात मराठी इंग्रजीपेक्षा अधिक प्रामाणिक राहिली असे म्हणता येते.

खलाशांच्या तोंडी झालेले अनुवाद मात्र अर्थापेक्षा कानावर विसंबून होते. स्पॅनिशमध्ये ‘एल लागार्तो’ म्हणजे सरडा किंवा पाल. त्यातील ‘एल’ हे नामापूर्वी येणारे उपपद शब्दाचाच भाग समजले गेले आणि त्यातून अमेरिकेतील मगरीसाठी ‘अ‍ॅलिगेटर’ हा शब्द घडला. झुरळाला स्पॅनिशमध्ये ‘कुकाराचा’ म्हणतात. कॅप्टन जॉन स्मिथ याने 1624 च्या आपल्या ग्रंथात तो शब्द जवळपास ऐकला तसा लिहिला, पण पुढे इंग्रजी जिभेने त्याचे दोन तुकडे करून त्यांना कोंबडा आणि एक मासा या ओळखीच्या शब्दांची रूपे दिली, आणि ‘कॉक्रोच’ तयार झाले. भाषाशास्त्रात अशा प्रक्रियेला लोकव्युत्पत्ती म्हणतात, म्हणजे अनोळखी शब्दाला कानाला जवळच्या अशा परिचित शब्दांच्या साच्यात बसवणे. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाजवळील ‘कायो ऊएसो’, अर्थात हाडांचे बेट, हे इंग्रजीत ‘की वेस्ट’ झाले तेही याच रीतीने. तेथे हाड नाहीसे झाले आणि त्याच्या जागी पश्चिम दिशा आली.

कोशनिर्मितीचा टप्पा युद्धाने आणला. 1585 मध्ये इंग्लंड आणि स्पेन यांच्यात युद्ध जुंपले, आणि 1588 मध्ये स्पेनचे आरमार इंग्लंडवर चालून आले. त्याच मोहिमेत पेद्रो दे वाल्देस हा स्पॅनिश आरमारातील एक प्रमुख अधिकारी आपल्या जहाजासह इंग्रज नौकानायक फ्रान्सिस ड्रेकच्या हाती लागला आणि पुढील काही वर्षे इंग्लंडमध्ये कैदेत राहिला. रिचर्ड पर्सिव्हल या इंग्रज गृहस्थाने, ज्याच्या स्पॅनिश ज्ञानाचा उपयोग राणी एलिझाबेथचा मंत्री लॉर्ड बर्ली याने पकडलेल्या स्पॅनिश कागदपत्रांसाठी करून घेतला होता, 1591 मध्ये स्पॅनिश, इंग्रजी आणि लॅटिन अशा तीन भाषांतील शब्द एकत्र देणारा कोश व्याकरणासह प्रसिद्ध केला. टॉमस डॉयली या वैद्याने अशाच कोशाचे काम आधी हाती घेतले होते आणि ती सामग्री त्याने उदारपणे पर्सिव्हलच्या स्वाधीन केली; शब्दांचे अर्थ पडताळून पाहण्यासाठी पर्सिव्हलने वाल्देस या युद्धकैद्याशीही विचारविनिमय केला. ज्याच्या तोफा तीन वर्षांपूर्वी इंग्लंडच्या किनाऱ्यावर रोखलेल्या होत्या, त्याच माणसाने इंग्रज कोशकाराला आपल्या मातृभाषेतील शब्द समजावून सांगितले. कोशशास्त्राच्या इतिहासात इतके बोलके दृश्य विरळाच आढळते.

या कोशाचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. तोवर अनेक स्पॅनिश ग्रंथ इंग्रजीत थेट न येता फ्रेंचच्या वाटेने येत असत. बार्तोलोमे दे लास कासास याने अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या संहाराची जी हकिकत लिहिली होती, तिचा 1583 चा इंग्रजी अनुवादही फ्रेंचवरूनच झालेला होता. मधल्या भाषेची ही गरज कोशामुळे कमी होऊ लागली. जॉन मिन्शू याने 1599 मध्ये पर्सिव्हलचा कोश वाढवून त्यात इंग्रजीतून स्पॅनिशकडे जाणारा भाग आणि संभाषणाचे पाठ जोडले.

1604 मध्ये दोन्ही देशांत तह झाला आणि 1605 मध्ये माद्रिदमध्ये मिगेल दे सर्व्हांतेस याच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. टॉमस शेल्टन याने त्याचा इंग्रजी अनुवाद 1612 मध्ये छापला. हा अनुवाद 1607 च्या ब्रुसेल्स आवृत्तीवरून केलेला होता, आणि हे काम आपण चाळीस दिवसांत उरकले होते, असे त्याने अर्पणपत्रिकेत नमूद केले आहे. घाईच्या खुणा अनुवादात आहेतच. स्पॅनिशमधील ‘सुसेसो’ म्हणजे घडलेली गोष्ट, घटना. शेल्टनने त्या शब्दाच्या जागी इंग्रजीतील ‘सक्सेस’ हा दिसायला सारखा शब्द ठेवला. दोन भाषांतील रूपाने सारख्या पण अर्थाने वेगळ्या अशा शब्दांना अनुवादक फसवे मित्र म्हणतात. शीर्षकातही एक फरक झाला. मूळ पुस्तकात नायक ‘इदाल्गो’ आहे. हा शब्द ‘कोणा प्रतिष्ठिताचा मुलगा’ अशा अर्थाच्या शब्दसमूहातून आला असून तो जमीनजुमला फारसा नसलेल्या, पण कर भरण्यापासून मुक्त असलेल्या खालच्या दर्जाच्या सरदारवर्गाचा वाचक आहे. गोव्यात पोर्तुगीज उमरावांना लावला जाणारा ‘फिदाल्गो’ हा शब्द त्याचाच भाऊ होय. शेल्टनच्या शीर्षकात नायक थेट भ्रमंती करणारा वीर झाला, आणि गरीब इदाल्गोने स्वतःला वीर समजणे ही जी कादंबरीची मूळ कल्पना, ती पहिल्याच पानावर झाकली गेली. 1742 मध्ये चार्ल्स जर्व्हस या चित्रकाराचा अनुवाद मरणोत्तर प्रसिद्ध झाला तेव्हा शीर्षकात ‘जंटलमन’ आला. जर्व्हसने शेल्टनवर असा आरोप केला की त्याने स्पॅनिशवरून नव्हे, तर फ्रांचोसिनीच्या इटालियन अनुवादावरून काम केले. परंतु तो इटालियन अनुवाद 1622 चा, म्हणजे शेल्टनच्या नंतर दहा वर्षांचा आहे, त्यामुळे हा आरोप उघडच अन्यायाचा ठरतो.

शेल्टनचा समकालीन जेम्स मॅब याचाही उल्लेख आवश्यक आहे. ऑक्सफर्डचा हा विद्वान 1611 मध्ये इंग्रज राजदूताबरोबर माद्रिदला गेला, आणि मातेओ आलेमान याच्या ‘गुस्मान दे आल्फाराचे’ या कादंबरीचा त्याने केलेला अनुवाद 1622 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर त्याने स्वतःचे नाव न घालता ‘दिएगो पुएदे-सेर’ असे घातले. स्पॅनिशमध्ये ‘पुएदे सेर’ म्हणजे ‘कदाचित’, इंग्रजीत ‘मे बी’, आणि ‘मॅब’ या आडनावाशी त्याचे साम्य उघड आहे.

‘डॉन किहोते’ कादंबरीच्या प्रारंभीच नायकाच्या आठवड्याच्या जेवणाचा तपशील येतो, आणि त्यात शनिवारच्या पदार्थाचे नाव ‘दुएलोस इ केब्रांतोस’ आहे, ज्याचा शब्दशः अर्थ ‘शोक आणि मोडतोड’ असा होतो. स्पॅनिश अकादमीचा कोश याला अंडी आणि प्राण्यांची चरबी किंवा तत्सम भाग तळून केलेला पदार्थ म्हणतो. कास्तील प्रांतात शनिवारी अर्धा उपवास पाळला जाई आणि त्या दिवशी मांस वर्ज्य असले तरी डोके, पाय, आतडी चालत असत, ही रीत त्यामागे आहे. नावाचा उगम वादग्रस्त आहे: अपघाताने मेलेल्या मेंढ्यांवरून ते आले असे एक मत आहे, तर सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यूंना डुकराची चरबी खाताना होणाऱ्या दुःखाशी अमेरिको कास्त्रो या इतिहासकाराने ते जोडले. शेल्टनने येथे शब्द सोडून वस्तू धरली आणि मांसाचे तळलेले काप व अंडी असे लिहिले. सारख्या दिसणाऱ्या शब्दांत चुकणारा हा अनुवादक स्वयंपाकघरात बिनचूक ठरला. 1700 मध्ये पीटर मोट्यू या फ्रेंच निर्वासिताने आणि 1755 मध्ये कादंबरीकार टोबायस स्मॉलेट याने नावातील शोकच उचलून दोन सारख्या ध्वनीने सुरू होणारे शब्द योजले, त्यामुळे वाचकाला विव्हळणे आणि कुरकुर ऐकू आली, पण पानात काय वाढले होते ते कळले नाही. 1885 मध्ये जॉन ऑर्म्सबी याने उरलेसुरले तुकडे एवढाच अर्थ ठेवला. 2003 मध्ये ईडिथ ग्रॉसमन यांनी अंडी आणि उपवास या दोन गोष्टी एकत्र आणल्या, आणि पदार्थ व शनिवारची रीत या दोहोंना एकाच वाक्यात जागा दिली. 1605 च्या स्पॅनिश वाचकाला या नावाचा खुलासा लागत नव्हता. आजच्या स्पॅनिश आवृत्त्यांत त्या दोन शब्दांखाली तळटीप असते.