क्षेपकावरून कोष्टकाची ओळख

जुन्या ज्योतिषपोथ्यांच्या दप्तरांत कोष्टकांचीं सुटीं पानें पुष्कळ निघतात. त्यांवर ग्रंथनाम नसतें, शक नसतो. म्हणून संग्राहक तीं बहुधा रद्दींत टाकतात. आमच्या मतें हें उचित नव्हे. आंकडे शाबूत असल्यास असें पान स्वतःचें नांव सांगूं शकतें.

कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञाचें ग्रहलाघव घेऊं. त्याचा आरंभ शके १४४२ चैत्र शुद्ध १ (१९ मार्च १५२०) हा होय. त्या सूर्योदयाचा मध्यम ग्रह तो क्षेपक. पुढें ४०१६ दिवसांचें, सुमारें ११ वर्षांचें, एक चक्र धरिलें असून दर चक्रास ‘ध्रुव’ वजा होतो. रवीचा क्षेपक ११ राशि १९ अंश ४१ कला व ध्रुव १ अंश ४९ कला ११ विकला आहे. चक्रें आडव्या अक्षावर व ग्रह उभ्या अक्षावर मांडिल्यास रेषा उभ्या अक्षास जेथें छेदिते तोच क्षेपक.

आतां समजा, पानाचा माथा फाटला आहे व चक्र १ पुढें ११।१७।५१।४९, चक्र २ पुढें ११।१६।२।३८ एवढेंच उरलें आहे. दोहोंचें अंतर ०।१।४९।११. तें पहिल्या ओळींत मिळविलें कीं शून्य चक्राची ओळ ११।१९।४१।० अशी येते, व ग्रंथ ओळखला जातो. तिसरी ओळ असेल तर तीही ताडून पाहावी. लेखकूची चूक तेथेंच सांपडते. मात्र समासांतील चक्रांक न पाहतां पानावरची पहिली ओळ हीच शून्याची समजूं नये.

आडव्या अक्षावरील छेदही असाच निघतो. रवीची मध्यम दिनगति ५९ कला ८ विकला. आरंभापासून १० व्या दिवशीं रवि ११।२९।३२।२०, ११ व्या दिवशीं ०।०।३१।२८, अर्थात् शून्य या दोहोंमध्यें आहे. बाकी २७ कला ४० विकला; तीस दिनगतीनें भागून ६० नीं गुणितां २८ घटिका येतात. मध्यम मेषसंक्रमण २९ मार्च १५२० रोजीं सूर्योदयानंतर २८ घटिकांनीं झालें.

येणेंप्रमाणें लाभतो तो ग्रंथाचा आरंभशक, पोथीचा लेखनशक नव्हे. सूचींत १५२० सालची पोथी म्हणून नोंद करणें अगदीं गैर. ग्रहलाघवाच्या नकला पुढें शतकानुशतकें होत राहिल्या. पानाचें वय कागद, शाई व अक्षरवळण यांवरूनच ठरवावें लागेल.