कोऱ्या चौकटीचा पुरावा

हस्तलिखिताचे छायाचित्र घ्यावे आणि फिल्म धुतल्यावर त्या जागी कोरी चौकट निघावी, हा अनुभव क्षेत्रसंशोधकास नवा नाही. अशी फिल्म बहुधा टाकून दिली जाते. तसे करणे उचित नव्हे. चौकट कोणत्या कारणाने कोरी राहिली, हे पुष्कळदा ती फिल्मच सांगते. प्रस्तुत टिपणात या दोषाचा अल्प इतिहास व त्याचे एक उदाहरण द्यावयाचे आहे.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी व नारायण दाजी हे बंधू तिचे सभासद होते. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केलेली ओल्या कोलोडियनची रीत त्या दशकात रूढ होत गेली. काच ओली असतानाच तिच्यावर चित्र घ्यावयाचे व तेथल्या तेथे ती धुवावयाची. अंधाऱ्या तंबूवाचून काम चालत नसे. परंतु काच कोरी निघाल्यास ते काही मिनिटांत कळे, आणि शिलालेख समोरच असे. १९०१ साली कोडॅक कंपनीने १२० क्रमांकाची गुंडाळी-फिल्म आणली. तंबू सुटला, मात्र चूक होणे आणि चूक कळणे यांत दिवसांचे अंतर पडले.

या अंतराची किंमत मला बारामती तालुक्यातील पिंपळी येथे कळली. काही वर्षांपूर्वी तेथील एका घरी जात्यावरच्या ओव्यांची हस्तलिखित वही पाहावयास मिळाली. बारा चौकटींपैकी पहिल्या चार अंगणात घेतल्या. पाऊस आल्याने उरलेल्या आठ माजघरात, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशच्या प्रकाशात घेतल्या. पुण्यास फिल्म धुतली, तेव्हा त्या आठही कोऱ्या होत्या.

फिल्मच्या कडेस कारखान्यात उमटविलेले आकडे व नाव स्पष्ट दिसत होते. म्हणजे धुण्याच्या कामात दोष नव्हता. ते दिसले नसते, तर रसायनांकडे संशय वळला असता. पहिल्या चार चौकटी नीट होत्या. म्हणजे फिल्म उलटी, कागदी बाजू भिंगाकडे करून, भरलेली नव्हती व झडपही उघडत होती. जोडभिंगी कॅमेऱ्यात वरच्या भिंगातून पाहताना खालच्या भिंगावरील टोपण ध्यानात येत नाही. पण ते बाजूला काढून ठेवल्याचे स्मरत होते. फ्लॅशही आठही वेळा डोळ्यांनी पाहिला होता.

राहिला एक लहानसा खटका. तो ‘एक्स’ऐवजी ‘एम’वर सरकला होता. जळणाऱ्या फ्लॅश-बल्बास पूर्ण तेज येण्यास वेळ लागे. म्हणून ‘एम’वर झडप उघडण्यापूर्वी सुमारे साठांश सेकंद आधी विजेचा इशारा जातो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तत्क्षणी चमकतो. झडप उघडेपर्यंत तो विझलेला असतो, आणि माजघरातील मंद उजेड तेवढ्या अल्पावधीत फिल्मवर उमटत नाही.

बल्ब गेले, खटका राहिला. भाषेच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये. मराठी लेखनातील अनुच्चारित अनुस्वार उच्चारातून केव्हाच गेला होता. लेखनातून तो वगळण्याचा नियम साहित्य महामंडळाने १९६२ साली केला. जुन्या व्यवहाराची खूण मागे राहते, आणि तिचे प्रयोजन न जाणणारा तिच्यापाशी चुकतो.

यास्तव दोन सूचना कराव्याशा वाटतात. कामास निघण्यापूर्वी, फिल्म भरलेली नसताना, मागचे झाकण उघडून पांढऱ्या कागदासमोर फ्लॅश चालवावा. भिंगातून प्रकाशाचे वर्तुळ दिसले तरच खटका योग्य जागी आहे. तसेच नोंदवहीत प्रत्येक चौकटीसमोर पृष्ठक्रमांक व प्रकाशाचे साधन लिहावे, आणि कोरी फिल्मही त्या नोंदीसह जतन करावी.

मी पुन्हा पिंपळीस गेलो तेव्हा ती वही घरात सापडली नाही. आठ पृष्ठांवर किती ओव्या होत्या, हे माझ्या नोंदवहीत आहे. कोणत्या होत्या, हे आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही.